भुताचा जमाखर्च

कमी भांडवलात चित्रपट काढावयाचा तर तो भयपटच असावा, हा हिशेब पुण्यातल्या होतकरू तरुणांच्या मनात आता इतका पक्का बसला आहे की, पेठेतल्या एखाद्या वाड्याच्या दारावर पुनर्बांधणीचा फलक लागण्याचा अवकाश, भाडेकरू बाहेर पडून पाडकाम सुरू होण्यापूर्वीच्या त्या थोड्याशा मुदतीत कोणी ना कोणी मंडळी कॅमेरा आणि दोन दिवे घेऊन मालकाच्या दारी हजर झालेलीच दिसतात. त्यांचा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड आहे. नामांकित नट नको, परदेशची स्थळे नकोत, नाचगाणी नकोत. एक घर, चार माणसे, एक रात्र आणि एक न दिसणारी वस्तू एवढ्या सामग्रीवर कथा उभी राहते, आणि भिण्यासाठी आलेला प्रेक्षक नटाचे नाव विचारीत बसत नाही. आमच्या पिढीतील शिष्टांना हा उद्योग पोरकट वाटतो. मला तो तसा वाटत नाही, म्हणूनच त्याविषयी दोन शब्द तक्रारीचे लिहावेत असे मनात आले.

हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे, आणि उरलेल्या अर्ध्याची किंमत मंडळींना चित्रपट पुरा झाल्यावर, म्हणजे ती फेडण्याचे सामर्थ्य संपल्यावर, कळते. भयपटास पैसा थोडा लागतो हे कबूल. परंतु तो ज्या दोन बाबींवर लागतो, त्या ध्वनी आणि वेळ या बाबींवरच आपल्याकडे नेमका हात आखडला जातो. परिचयातल्या काही मंडळींनी विश्वासाने दाखविलेली अंदाजपत्रके मी पाहिली आहेत. त्यांत रंगभूषेला ऐसपैस तरतूद असते. संगणकावर घडवावयाच्या चेटकिणीसाठी स्वतंत्र कलम असते. आभाळातून वाड्याचे विहंगम दर्शन घडविणाऱ्या ड्रोनचे भाडेही बिनतक्रार मंजूर झालेले असते. आणि अगदी तळाशी, जेथे पोहोचेतो लिहिणारा दमलेला असतो अशा जागी, ‘ध्वनी व इतर’ अशी एक ओळ असते. त्या ‘इतर’मध्ये चहा, पेट्रोल आणि वाड्याच्या पहारेकऱ्याची बिदागी हेही येत असल्यामुळे ध्वनीच्या वाट्यास काय उरत असेल, याची कल्पना सुज्ञांनी करावी.

या बाबतीत हॉलिवूडमधला एक जुना दाखला बोधप्रद आहे. ऑर्सन वेल्सच्या महागड्या चित्रपटांनी पोळलेल्या आरकेओ कंपनीने १९४२ साली व्हाल ल्यूटन नावाच्या गृहस्थाकडे भयपटांचे एक स्वतंत्र खाते सोपविले, आणि अटी घातल्या त्या अशा की, दर चित्रपटाचा खर्च दीड लाख डॉलरांपलीकडे जाऊ नये, लांबी सव्वा तासाच्या आत राहावी, आणि नाव कंपनी देईल ते मुकाट्याने पत्करावे. पहिले नाव आले ‘कॅट पीपल’. मांजरीच्या कुळातील हिंस्र श्वापदाचे रूप घेणाऱ्या स्त्रीची कथा लिहावयाची, आणि श्वापद दाखवावयास पैसा नाही, असा तो पेच होता. ल्यूटन व त्याचा दिग्दर्शक जाक टूर्नर यांनी वेल्सच्याच एका चित्रपटासाठी उभारलेला भव्य जिना उसना घेतला, आणि श्वापदाला शक्य तितके अंधारात ठेवले. त्यातला एक प्रसंग तर चित्रपटशास्त्राच्या विद्यार्थ्यांस पाठ असतो. एक स्त्री रात्री उद्यानालगतच्या निर्मनुष्य रस्त्याने चालली आहे. तिच्या मागून दुसऱ्या स्त्रीच्या टाचांचा आवाज येतो आहे. मध्येच तो थांबतो, आणि त्या थांबण्यातच सारे भय साठविलेले आहे, कारण टाचा थांबल्या त्या अर्थी पंजे सुरू झाले असले पाहिजेत हे प्रेक्षक आपल्या आपण ठरवितो. इतक्यात कानाशी जोराचा फुत्कार होतो, माणसे खुर्चीत उडतात, आणि पडद्यावर येऊन उभी राहते ती एक साधी बस. ही करामत मार्क रॉब्सन या संकलकाची. आणि अशा फसव्या दचक्याला त्या व्यवसायात ‘ल्यूटनची बस’ हेच नाव पडून गेले. बिबट्याची रंगभूषा केलेल्या इसमापेक्षा तो फुत्कार किती स्वस्त पडला असेल, आणि अधिक टिकला किती, हे सांगावयास नको.

आपल्या मुलखातला दाखला महाबळेश्वरचा आहे. रामसे कुटुंबाचा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ हा १९७० सालचा चित्रपट पडला, पण त्यातल्या एका प्रसंगापुरते, जेथे पृथ्वीराज कपूर भयंकर मुखवटा चढवून चोरी करण्यास येतात तेवढ्यापुरते, लोक चित्रपटगृहात येतात हे त्या भावांच्या नजरेने टिपले, आणि पुढच्या खेपेस संपूर्ण चित्रपटच त्या जातीचा काढण्याचा बेत ठरला. सारे बिऱ्हाड महाबळेश्वरास गेले. शूटिंगच्या मंडळींचा स्वयंपाक घरच्याच स्त्रियांनी सांभाळला. कुमारने लिहिले, तुलसी आणि श्याम यांनी दिग्दर्शन केले, गंगूने कॅमेरा धरला, अर्जुनने संकलन पत्करले, आणि १९७२ साली ‘दो गज जमीन के नीचे’ पडद्यावर आला. या मंडळींच्या अभिरुचीविषयी पुण्यातल्या रसिकांनी नाके मुरडली, आणि त्यांच्या पुढल्या चित्रपटांतले ते केसाळ राक्षस पाहता ती अगदीच विनाकारण मुरडली असेही म्हणता येत नाही. परंतु त्या कुटुंबाच्या कामवाटपात एक गोष्ट अशी आहे की तिच्याकडे आजवर पुरेसे लक्ष गेले नाही. सात भावांपैकी एक, किरण, त्यांनी ध्वनीच्या कामास सबंध देऊन टाकला होता. ज्यांच्यापाशी पैसा नव्हता, मनुष्यबळ घरचेच होते, त्यांनीसुद्धा सातातला एक हिस्सा कानाच्या नावे लिहून ठेवला. आणि ज्यांना आपण अडाणी समजत आलो त्यांची ही मसलत आमच्या सुशिक्षित मंडळींच्या ‘ध्वनी व इतर’ या ओळीपेक्षा निश्चितच शहाणपणाची होती.

पुण्याला तर या विद्येचे शिक्षण घेण्यासाठी बाहेर जाण्याचीही गरज नाही. प्रभात कंपनी कोल्हापूर सोडून १९३३ साली येथे आली, आणि येथे तिने पूर्ण केलेला पहिला चित्रपट १९३४ सालचा ‘अमृतमंथन’ हा होता. चंडिकेपुढे चालणाऱ्या बलिदानांची ती कथा. तिच्यातल्या राजगुरूचा एकच डोळा शांतारामबापूंनी दूरच्या भिंगातून सबंध पडद्यावर पसरविला, आणि त्या डोळ्याची दहशत पाहणारे पुष्कळ काळ विसरले नाहीत. मराठी आवृत्तीत तो राजगुरू केशवराव दात्यांनी केला होता, हिंदीत चंद्रमोहन यांनी. प्रभात काही गरीब कंपनी नव्हती. परंतु त्या प्रसंगातले भय खरेदी करावे लागले नाही, ते नटाच्या चेहऱ्यावर अगोदरच होते आणि दिग्दर्शकाला ते ओळखता आले. त्याच जागेत १९६० पासून चित्रपटविद्येची सरकारी संस्था चालते, तेथे ध्वनिमुद्रणाचे शास्त्र रीतसर शिकविले जाते, आणि संस्थेच्या पाठीशी जी टेकडी उभी आहे तिचे नाव वेताळ टेकडी. असा योग जुळून आलेले शहर भूतलावर दुसरे असल्यास मला तरी ठाऊक नाही. आणि तरीही येथला होतकरू दिग्दर्शक पहिली धाव घेतो ती शनिवारवाड्याकडे. नारायणराव पेशव्यांचा १७७३ सालच्या ३० ऑगस्टला तेथे खून झाला हे खरे, आणि त्यांची हाक ऐकू येते ही दंतकथाही आबालवृद्धांना ठाऊक. परंतु जी हाक प्रत्येक रिक्षावाला पाहुण्यांना सांगतो तिच्यात भय उरले आहे कोठे? शिवाय ती वास्तू पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात, म्हणजे परवान्यासाठीचे हेलपाटे निराळे.

साध्या वाड्यात याहून कितीतरी मोलाचा ऐवज असतो, पण तो ऐकावा लागतो. लाकडी जिन्याची प्रत्येक पायरी निराळ्या सुरात बोलते. कडी-कोयंड्याचा आवाज बाहेरून एक आणि आतून दुसरा येतो. माजघरातल्या फळीखाली उंदीर धावला तर तो वर झोपलेल्याच्या कानापर्यंत फळीवाटे पोहोचतो. बंद पडलेल्या हौदाच्या तोंडाशी बोललेले वाक्य बोलणाऱ्याकडे किंचित जाड होऊन परत येते. नारायण पेठेतल्या एका वाड्यात अशाच काही मंडळींचे काम पाहण्यास मी गेलो होतो. रिकामा झोपाळा आपोआप हलतो आहे असा प्रसंग होता, आणि त्या झोपाळ्याच्या पितळी कड्यांची कुरकुर ऐकूनच दिग्दर्शकाने वाडा पसंत केला होता. मालक वृद्ध आणि कमालीचे अगत्यशील. शूटिंगवाल्या पोरांना त्रास नको म्हणून त्यांनी आदल्या रात्री चारही कड्यांना जातीने तेल घातले! सकाळी झोपाळा लोण्यासारखा हलू लागला, आणि दिग्दर्शकाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. सहायकाने धीर दिला की कुरकुर काय, मागाहून संगणकावरून घालता येईल. ती मागाहून घातली गेली. संग्रहातली, कोणत्या तरी परक्या देशातल्या दाराची. चित्रपट पाहताना तो झोपाळा हलत होता एकीकडे आणि वाजत होता दुसरीकडे, आणि प्रेक्षकांत बसलेल्या एका आजींनी, ‘अहो, हा दाराचा आवाज आहे,’ असे शेजारणीस स्पष्ट सांगितले.

आजींचा कान सहजी फसत नाही. आणि कमी खर्चाचा भयपट बहुतेक वेळा याच जागी आपटतो. डोळ्याला प्रेक्षक पुष्कळ सवलत देतो. अंधार गडद आहे, चित्र दाणेदार आहे, रक्त जरा जास्तच लाल आहे, हे सर्व तो गोड मानून घेतो, किंबहुना त्या ओबडधोबडपणामुळे त्याला ते अधिक खरे वाटते. कानाच्या बाबतीत तो अशी रदबदली चालू देत नाही. म्हणून जाणता ध्वनिमुद्रक प्रसंग संपल्यावर सर्वांना आहे तेथे मिनिटभर निश्चल उभे करतो आणि त्या खोलीची रिकामी शांतता टिपून घेतो. कारण प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, आणि संकलनात दोन वाक्यांच्या मध्ये ती भरली नाही तर पडद्यावरची खोली क्षणभर मेल्यासारखी होते. घाईत असलेल्या मंडळींना हे एक मिनिट सोसत नाही. त्यांना रात्रीत बारा प्रसंग उरकावयाचे असतात. पेठेत तर शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या, गच्चीवरच्या टाकीचे वाहणारे पाणी, कुत्र्यांची भांडणे आणि कुठल्यातरी उत्सवाचे ध्वनिवर्धक यांतून निर्भेळ असे मिनिट मिळण्यास पहाटेचे तीन वाजू शकतात. वेळ हवा म्हणतो तो यासाठी. उरलेले आवाज बसल्या जागी निर्माण करता येतात, आणि ते फारसे खर्चाचेही नाहीत: हाड मोडल्याचा आवाज ओल्या शेवग्याच्या शेंगा मायक्रोफोनजवळ पिळून मोडल्या की मिळतो, आणि सुकलेल्या पाचटावरून मूठ फिरविली की कोणीतरी आपल्या दिशेने चालून येते.

वेळेची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. ‘ब्लेअर विच प्रोजेक्ट’ या १९९९ साली गाजलेल्या अमेरिकन चित्रपटाचे चित्रीकरण आठ दिवसांत उरकले होते हे आमच्या तरुणांना तोंडपाठ आहे. संकलनास पुढे कित्येक महिने गेले हे मात्र त्यांच्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते. नटांना त्या रानात तंबूत निजविले, आणि मध्यरात्री दिग्दर्शकांच्या मंडळींनी बाहेरून लहान मुलांच्या खेळण्याचे आवाज ध्वनिफितीवरून वाजवीत तंबू हलविला. पडद्यावर जी भीती दिसते तिचा पुष्कळ भाग त्या ध्वनिफितीचा आहे.

मराठीला या बाबतीत घरचा आधार नाही असेही नाही. नारायण धारप यांनी शंभराहून अधिक पुस्तके लिहिली, आणि २००८ साली ते वारले तोपर्यंत या शहराने त्यांना वाचनालयातल्या विटलेल्या बांधणीपलीकडे फारशी प्रतिष्ठा दिली नाही. त्यांनी पाश्चात्त्य लेखकांकडून बीजे उचलली असतील, उचललीच. पण ती रुजविली मध्यमवर्गीय घरात, जेथे माणूस कचेरीतून परत येतो, कुलूप उघडतो, आणि आपल्या अगोदर कोणीतरी घरात येऊन गेले आहे एवढेच त्याला जाणवते. कमी खर्चाच्या दिग्दर्शकाला याहून सोयीचा लेखक मिळणे कठीण. राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ या २०१८ सालच्या चित्रपटाचे मूळही धारपांच्याच एका कथेत आहे; आणि ती कथा बर्व्यांनी प्रथम वाचली नव्हती, १९९३ साली नागझिऱ्याच्या अभयारण्यात एका मित्राच्या तोंडून ऐकली होती. तेथून चित्रपट पडद्यावर येईपर्यंत पंचवीस वर्षे गेली. तो काही फुटकळ खर्चाचा चित्रपट नव्हे, परंतु सासवडचा पुरंदऱ्यांचा वाडा आणि आभाळातून खरोखर कोसळणारा पाऊस यांवर त्याने जी भिस्त ठेवली, ती कोणत्याही गरीब निर्मात्याला परवडण्याजोगी आहे. न परवडणारी गोष्ट म्हणजे पावसासाठी अनेक पावसाळे थांबण्याची तयारी. तो २०२४ साली पुन्हा चित्रपटगृहांत लागला तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा अधिक चालला. विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’ने तर २०१७ साली वाडाही टाळला. गर्भवती स्त्री, एक एकाकी घर आणि सभोवार माणसाच्या डोक्यावरून जाणारा ऊस, एवढ्या ऐवजावर त्यांनी मुलगी नकोशी असलेल्या समाजाचे भयानक चित्र उभे केले, आणि चार वर्षांनी त्याच कथेची त्यांनीच ‘छोरी’ या नावाने हिंदी आवृत्ती काढली. बिनपगारी नट म्हणून उसाची बरोबरी करणारा दुसरा कोणी पश्चिम महाराष्ट्रात मिळावयाचा नाही.

येथे एक आक्षेप येतो, आणि पुण्यात तो हसण्यावारी नेता येत नाही. ज्या शहरात नरेंद्र दाभोलकरांना २०१३ साली २० ऑगस्टच्या सकाळी पुलावर गोळ्या घालून मारण्यात आले, ज्या राज्यात त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला, तेथे भुताखेतांचे चित्रपट काढण्यास उत्तेजन देणे म्हणजे अंधश्रद्धेला खतपाणी घालणे नव्हे काय? मला वाटते, या प्रश्नाच्या धास्तीनेच आपल्या पुष्कळ निर्मात्यांनी भयाला विनोदाची झूल घातली. महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ने १९९३ साली ती अतिशय ऐटीत मिरविली, आणि रामदास पाध्ये यांच्या बाहुल्याने साकारलेला तात्या विंचू घरोघरी पोहोचला, पण पुढच्यांनी त्यातली हुशारी टाकून नुसती झूल उचलली. माझे मत असे की, चित्रपटात भूत असल्याने अंधश्रद्धा वाढत नाही. ती वाढते शेवटी मांत्रिक येऊन सर्व काही निस्तरतो तेव्हा, कारण घरी जाताना प्रेक्षकाच्या मनात भूत राहत नाही, मांत्रिकाचा पत्ता राहतो. भीतीचे उत्तर बाजारात विकत मिळते असे सुचविणारा चित्रपट दाभोलकरांचा बळी गेलेल्या शहराला शोभत नाही. आणि व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले तरी ते होमहवन, तो धूर, त्या ज्वाळा आणि वाऱ्याचे पंखे हाच बहुधा सबंध चित्रपटातला सर्वांत खर्चिक प्रसंग असतो. तो गाळला तर विवेक आणि शिल्लक दोन्ही पदरात पडतात.

तेव्हा माझी सूचना अशी आहे की, भयपट काढू इच्छिणाऱ्याने कॅमेऱ्याला हात लावण्यापूर्वी आपली कथा नभोनाट्य म्हणून लिहावी. पुण्यात १९५३ सालापासून आकाशवाणीचे केंद्र आहे, आणि नुसत्या आवाजावर माणसे, घरे आणि वादळे उभी करण्याचा श्रुतिकांचा संस्कार या गावाच्या कानांवर पुष्कळ वर्षे झालेला आहे. महाविद्यालयीन एकांकिकांच्या तालमीत तयार झालेली आवाजाची मुलेमुली येथे गल्लोगल्ली आहेत. कॅमेऱ्याचे भाडे देण्यापेक्षा त्यांना चार दिवस एका बंद खोलीत बसवून कथा मुद्रित करण्यास काय लागते? ते मुद्रण अंधारात दहा जणांना ऐकवावे. कोणी कूस बदलली, कोणी मोबाइल चाळला, तर पटकथा दुरुस्त करावी. कोणी मागे वळून पाहिले तरच वाड्याच्या मालकाकडे जावे. लघुचित्रपटांच्या ज्या स्पर्धा येथे वारंवार होतात त्यांच्या परीक्षकांनीही पहिली फेरी पडद्याकडे पाठ करून ऐकावी असे मी म्हणेन, आणि रंगभूषाकारांचा यावर रोष झाला तरी तो पत्करेन.

यावर कोणी म्हणेल की, जिल्ह्याच्या ठिकाणच्या चित्रपटगृहांत कर्णे फाटलेले असतात, मग एवढ्या मेहनतीने टिपलेली शांतता ऐकणार कोण? ही अडचण पूर्वी खरी होती. परंतु आजचा तरुण प्रेक्षक कमी खर्चाचा भयपट पाहतो तो बहुतेक रात्री, अंथरुणात, हातभर अंतरावरच्या मोबाइलवर, आणि कानांत इअरफोन घालून. चित्र त्याच्यासाठी विताएवढे झाले आहे. त्यात कोरलेली चेटकीण आणि ड्रोनमधून घेतलेला वाडा ही दोन्ही मुंगीएवढी दिसतात. आवाज मात्र आता कानाच्या पडद्यापाशी जाऊन बसला आहे, इतका की पात्राने पाठीमागे टाकलेला श्वास त्याला आपल्याच मानेवर पडल्यासारखा वाटतो. मोठ्या भांडवलाच्या निर्मात्यांना भव्य पडद्याचा जो फायदा होता तो या प्रेक्षकाच्या बाबतीत आपोआप रद्द झाला, आणि त्या बदल्यात जे हाती आले आहे ते वापरण्यासाठी एक चांगला मायक्रोफोन, एक जाणता ध्वनिमुद्रक आणि पहाटेपर्यंत जागण्याची तयारी लागते. यांतली पहिली वस्तू पुण्यात दिवसाच्या भाड्याने मिळते.